एकट्या ‘५’साठी सोळा टेबलं : एक्स्प्रेशन पार्सर जलद कसा करावा

शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेलं आठवत असेल. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. परीक्षेपुरतं ते ठीक होतं. पण स्वतःची भाषा, स्वतःचा कंपायलर लिहायला बसलं की हाच मंत्र दोनदा दगा देतो.

पहिला दगा उत्तराचा. १० - ३ + २ चं उत्तर काय? मंत्र शब्दशः धरला तर बेरीज आधी, म्हणजे ५. खरं उत्तर ९, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीवर आहेत आणि डावीकडून उजवीकडे सोडवायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तेच. पहिल्यांदा पार्सर (टोकनं वाचून त्यांचा ट्री बनवणारा कंपायलरचा भाग) लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये ‘प्रत्येक चिन्हाला वेगळी पातळी’ ही चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, आणि तिचं मूळ चौथी-पाचवीच्या वर्गात असतं असा माझा पक्का संशय आहे.

दुसरा दगा वेळेचा. समान पातळीची चिन्हं एकत्र धरून मंत्राची ती उतरंड फंक्शनांमध्ये उतरवली की पार्सर बरोबर चालतो, पण रेंगाळतो. हा लेख त्या रेंगाळण्यावर आहे. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोटा कंपायलर लिहिला असेल, किंवा ऑफिसात सूत्रांची एखादी छोटी भाषा तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हे तुमच्यासाठी. टोकन म्हणजे काय आणि रिकर्शन म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. कोडची उदाहरणं मराठी स्यूडोकोडमध्ये दिली आहेत, ती आपापल्या भाषेत उतरवून घ्या.

आधी घड्याळ लावा

पार्सर हळू आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? ‘वाटतं’ हे उत्तर चालणार नाही. बऱ्याचदा वेळ खात असतो तो लेक्सर, म्हणजे अक्षरांची टोकनं करणारा भाग, कारण फाइलमधल्या प्रत्येक अक्षराला हात लावणारा तोच. कधी वेळ जातो टाइप तपासणीत. स्विफ्ट भाषेत लांबलचक एक्स्प्रेशन लिहिलं की ‘वाजवी वेळात टाइप तपासता आले नाहीत’ अशा अर्थाची तक्रार येते, तिच्यात पार्सरचा काही दोष नसतो. पार्सरने त्याचं काम कधीच उरकलेलं असतं.

म्हणून तीन वेळा मोजा : नुसता लेक्सर, लेक्सर आणि पार्सर, आणि मग पूर्ण कंपायलर. वजाबाकी करून कोणाच्या वाट्याला किती वेळ येतो ते बघा. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून बिल्ड करा, डीबग बिल्डवर मोजलेले आकडे फेकून द्या. प्रत्येक मोजणी दहा-वीस वेळा चालवून सगळ्यांत कमी वेळ धरा, कारण मशीनवर दुसरं काही चालू असलं तर वेळ वाढतो, कमी कधीच होत नाही. आणि मोजताना ट्री छापू नका. हे सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः एकदा अर्धा दिवस छपाईचा वेळ मोजत बसलो होतो.

पार्सरच दोषी ठरला तर आता एक छोटी चाचणी. दोन फाइली तयार करा. पहिलीत अशा ओळी :

```
फ(१, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०);
```

दुसरीत अशा :

```
फ(१ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ + १०);
```

दोन्हींच्या एकेक लाख ओळी. दोन्हीकडे टोकनांची संख्या तंतोतंत सारखी आहे, फक्त स्वल्पविरामाच्या जागी अधिक आलं. दुसऱ्या फाइलमध्ये तर बेरजेचे नोडही बनवायचे आहेत, म्हणजे काम तिथे जास्त. तरीही पहिली फाइल तेवढाच किंवा जास्त वेळ घेत असेल, तर पुढच्या भागात सांगितलेला रोग तुमच्या पार्सरला आहे.

रोग : टेबलामागून टेबल

पाठ्यपुस्तकी पद्धतीत प्रत्येक पातळीला एक फंक्शन असतं. बेरजेचं असं :

```
फंक्शन बेरीज():
    डावी = गुणाकार()
    जोवर टोकन '+' किंवा '-' आहे:
        चिन्ह = टोकन;  पुढे()
        उजवी = गुणाकार()
        डावी = नोड(चिन्ह, डावी, उजवी)
    परत डावी
```

वरच्या पातळीचं फंक्शन बेरजेला हाक मारतं, बेरीज गुणाकाराला, गुणाकार आणखी खालच्याला. दिसायला देखणं, समजायला सोपं. शिकताना असंच लिहावं, माझा याला अजिबात विरोध नाही.

आता सी भाषेचं व्याकरण घ्या. फंक्शनला दिलेला एक आर्ग्युमेंट वाचायचा, समजा नुसता ‘५’. व्याकरण जसंच्या तसं फंक्शनांत उतरवलं तर हाका अशा जातात : असाइनमेंट, कंडिशनल, लॉजिकल ऑर, लॉजिकल अँड, बिटवाइज ऑर, एक्सॉर, बिटवाइज अँड, समता, तुलना, शिफ्ट, बेरीज, गुणाकार, कास्ट, युनरी, पोस्टफिक्स आणि शेवटी प्रायमरी. सोळा. सरकारी कचेरीत फाइल टेबलामागून टेबल फिरते तसंच हे. सोळाव्या टेबलावरचा कारकून म्हणतो, ‘हो, हा पाच आहे.’ मग फाइल परत निघते आणि येताना मधल्या दहा बायनरी (म्हणजे दोन बाजू जोडणाऱ्या चिन्हांच्या) टेबलांवर पुन्हा थांबते. प्रत्येक जण पुढचं टोकन बघतो, ‘हे आमचं चिन्ह आहे का? नाही? मग वर न्या.’ पुढचं टोकन आहे स्वल्पविराम. तो कोणाचाच नाही, हे दहा वेळा ठरवलं जातं.

बेरजेच्या फाइलमध्ये मात्र पहिला आकडा सोडला तर प्रत्येक आकड्यासाठी फक्त गुणाकारापासून खालची पाच टेबलं लागतात, कारण बेरजेचा लूप आधीच चालू असतो. म्हणून ती फाइल जास्त काम असूनही मागे पडत नाही.

आणि खऱ्या प्रोग्रॅममध्ये काय जास्त असतं? तुमच्याच कोडची एखादी फाइल उघडून बघा. फंक्शनला दिलेली नावं, अ‍ॅरेचे इंडेक्स, ‘परत निकाल’ अशा ओळी. बहुतेक एक्स्प्रेशनं म्हणजे एकटं नाव किंवा एकटा आकडा. गुंतागुंतीची गणितं क्वचित. पार्सर जलद करायचा म्हणजे मोठी एक्स्प्रेशनं जलद करायची असं आपण धरून चालतो, पण खरा पैसा या चिल्लरीत अडकलेला असतो.

औषध : फंक्शनांऐवजी एक तक्ता

दहा टेबलांनी ‘हे माझं आहे का’ असं विचारण्याऐवजी चिन्हालाच एकदा विचारायचं : ‘तुझं बळ किती?’ त्यासाठी तक्ता :

```
किंवा              १
आणि               २
==  !=            ३
<  >  <=  >=      ४
+  -              ५
*  /  %           ६
बाकी सगळं          ०
```

आणि सगळ्या बायनरी पातळ्यांसाठी मिळून एकच फंक्शन :

```
फंक्शन राशी(किमान):
    डावी = पान()
    कायम:
        ब = बळ[टोकन.प्रकार]
        जर ब < किमान: परत डावी
        चिन्ह = टोकन;  पुढे()
        उजवी = राशी(ब + १)
        डावी = नोड(चिन्ह, डावी, उजवी)
```

पान म्हणजे ट्रीच्या टोकाची वस्तू : आकडा, नाव, कंसातलं एक्स्प्रेशन वगैरे. सुरुवात राशी(१) ने करायची. ‘किमान’चा अर्थ इतकाच की ‘याच्यापेक्षा कमी बळाचं चिन्ह दिसलं तर ते माझं नाही, मला हाक मारणाऱ्याचं आहे’.

२ + ३ * ४ - १ हे हाताने चालवून बघा, त्याशिवाय हे अंगात मुरत नाही. राशी(१) दोन उचलते. अधिकचं बळ ५, किमान १, म्हणून चिन्ह घेतलं आणि राशी(६)ला हाक मारली. तिने तीन उचलला. गुणाकाराचं बळ ६, किमान ६, घेतला आणि राशी(७)ला हाक. तिने चार उचलला. पुढे वजा आहे, त्याचं बळ ५, सातपेक्षा कमी, म्हणून चार परत. राशी(६)कडे आता ३ * ४ आहे, वजाचं बळ सहापेक्षाही कमी, म्हणून तीही परत. राशी(१)कडे २ + (३ * ४) झालं. वजाचं बळ एकपेक्षा जास्त, घेतलं, राशी(६)ने एक आणून दिला. झालं.

‘ब + १’ मधला तो + १ विसरलात तर १० - ३ + २ चं १० - (३ + २) होतं, म्हणजे पुन्हा ‘कंचेभागुबेव’चे ५. डावीकडून जुळणी व्हायला तो एकच आकडा कारणीभूत आहे.

हाकांचा हिशेब करू. या सहा पातळ्यांच्या भाषेत जुन्या पद्धतीने वरच्या एक्स्प्रेशनला १२ हाका लागतात : वरच्या चार पातळ्यांच्या चार, बेरजेची एक, गुणाकाराच्या तीन, पानाच्या चार. नव्या पद्धतीत राशीच्या चार आणि पानाच्या चार, मिळून ८. फार मोठी मजल नाही मारली. पण एकट्या ‘५’ला जुन्या पद्धतीत ७ आणि नव्यात २. शिवाय भाषेत उद्या आणखी चार पातळ्या आल्या तर जुना आकडा वाढतो, नवा दोनच राहतो. गोमेचे पाय कितीही वाढोत.

राशीच्या हाका आणखी कमी करता येतात. वर राशी(७)ला हाक मारली ती फक्त चार उचलून परत आली, ती हाक फुकट गेली. मग पान आपणच उचलावं आणि पुढचं चिन्ह आपल्याहून बळकट असेल तरच खाली उतरावं :

```
फंक्शन शेपूट(डावी, किमान):
    जोवर बळ[टोकन.प्रकार] >= किमान:
        चिन्ह = टोकन;  ब = बळ[चिन्ह.प्रकार], पुढे()
        उजवी = पान()
        जर बळ[टोकन.प्रकार] > ब:
            उजवी = शेपूट(उजवी, ब + १)
        डावी = नोड(चिन्ह, डावी, उजवी)
    परत डावी

फंक्शन राशी(किमान):
    परत शेपूट(पान(), किमान)
```

आता आपल्या एक्स्प्रेशनला शेपटाच्या फक्त दोन हाका लागतात. क्लँग या सी कंपायलरमध्ये बायनरी ऑपरेटर याच धाटणीने वाचले जातात : उजवीकडचं पान आधी, मग पुढच्या चिन्हाचं बळ बघून ठरवायचं. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या सी आणि सी++ पार्सरांनी रिकर्शनही टाळलं आहे, तिथे फंक्शनच्या आतच एक छोटा स्टॅक ठेवलेला असतो. सीचे सगळे बायनरी ऑपरेटर डावीकडून जुळतात, त्यामुळे त्या स्टॅकची उंची पातळ्यांच्या संख्येपुढे जाऊच शकत नाही, आणि म्हणून ठरावीक आकाराचा अ‍ॅरे पुरतो. तुम्हाला सुरुवातीला इतक्या खोलात जायची गरज नाही. शेपूटवाली आवृत्ती पुष्कळ आहे.

ही युक्ती जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये चिन्हांसाठी वेगळा स्टॅक वापरण्याची पद्धत मांडली. रेल्वेचे डबे बाजूच्या रुळावर काढून पुन्हा जोडतात तशी ती दिसते, म्हणून तिचं नाव शंटिंग यार्ड. याच विषयावरचा वॉन प्रॅट यांचा निबंध १९७३चा. इंटरनेटवर ‘प्रॅट पार्सर’ आणि ‘प्रेसिडेन्स क्लाइंबिंग’ ही दोन नावं वेगवेगळी भेटतील आणि कोणती चांगली यावर लोक हमरीतुमरीवर आलेले दिसतील. वर लिहिलेला लूप दोन्हींच्या मुळाशी आहे, वाद बाजूला ठेवा.

उलटी जुळणी आणि उणे चिन्ह

घाताचं चिन्ह उजवीकडून जुळतं : २ ^ ३ ^ २ म्हणजे २ ^ (३ ^ २), म्हणजे ५१२, ६४ नव्हे. त्यासाठी फक्त एवढंच करायचं की उजवीकडे उतरताना ब + १ ऐवजी ब द्यायचा, आणि शेपटातल्या ‘>’च्या जागी अशा चिन्हांपुरतं ‘>=’ धरायचं.

याहून सुबक मांडणी ल्युआ या भाषेची आहे. तिथे प्रत्येक चिन्हाला दोन आकडे असतात, डावं बळ आणि उजवं बळ. अधिक-वजाचे १० आणि १०, गुणाकार-भागाकाराचे ११ आणि ११, घाताचे १४ आणि १३. चिन्हाचं डावं बळ हद्दीपेक्षा जास्त असेल तरच ते घ्यायचं, आणि आत उतरताना उजवं बळ हद्द म्हणून द्यायचं. अधिकनंतर पुन्हा अधिक आलं तर दहा हे दहापेक्षा जास्त नाही, म्हणून डावीकडून जुळणी. घातानंतर घात आला तर चौदा हे तेरापेक्षा जास्त, म्हणून उजवीकडून. कुठे ‘जर उजवीकडचं असेल तर’ अशी अट नाही, सगळं तक्त्यातच.

आणि एकेरी उण्याचं बळ ल्युआत १२ आहे, गुणाकाराच्या वर पण घाताच्या खाली. त्यामुळे -२ ^ २ म्हणजे -(२ ^ २), म्हणजे उणे चार. शाळेच्या गणितातही तेच. जावास्क्रिप्टने मात्र या वादात पडायचंच नाकारलं : तिथे घाताचं चिन्ह ** आहे, आणि -२ ** २ असं लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते, कंस घालून काय ते स्पष्ट सांगा. नवी भाषा करत असाल तर मला हा मार्ग जास्त आवडतो.

आपल्या कोडमध्ये एकेरी चिन्हं पानात जातात :

```
फंक्शन पान():
    टोकनच्या प्रकारानुसार:
        संख्या, नाव:   डावी = साधा नोड;  पुढे()
        '(':          पुढे();  डावी = राशी(१);  हवाच(')')
        '-', '!':     चिन्ह = टोकन;  पुढे()
                      परत एकेरी(चिन्ह, राशी(७))
        बाकी:         चूक("इथे किंमत हवी होती")
    जोवर टोकन '(' , '[' किंवा '.' आहे:
        डावी = पुढचा_भाग_जोड(डावी)
    परत डावी
```

सात म्हणजे गुणाकाराच्या वर. घाताला आठ द्या. फंक्शन कॉल, इंडेक्स, टिंब हे शेवटच्या लूपमध्ये, त्यांना तक्त्यात आणायची गरज नाही. असाइनमेंट आणि प्रश्नचिन्हवालं कंडिशनल या दोन्हींना राशी(१) संपल्यावर बाहेर बघायचं. मग कंसात आणि आर्ग्युमेंटमध्येही राशी(१)ऐवजी त्या बाहेरच्या फंक्शनला हाक जाते.

तक्ता खरंच तक्ता आहे ना?

इथे बऱ्याच जणांची कमाई गळते. बळ शोधण्यासाठी टोकनाचं अक्षर-रूप, म्हणजे "+" किंवा "<=" ही स्ट्रिंग, हॅशमॅपमध्ये शोधली जाते. म्हणजे दहा टेबलं काढली आणि त्या जागी एक वजनदार रजिस्टर आणून ठेवलं. टोकनाचा प्रकार लेक्सरमध्येच एक छोटा पूर्णांक करून टाका आणि बळ हा बाइटांचा साधा अ‍ॅरे ठेवा. प्रत्येक पानानंतर एक अ‍ॅरे-वाचन आणि एक तुलना, एवढंच उरलं पाहिजे. शब्दरूपी चिन्हंसुद्धा, म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, लेक्सरनेच ओळखून त्यांचा प्रकार ठरवावा.

नोड बनवण्याचंही बघा. प्रत्येक नोडसाठी वेगळी मेमरी मागितली तर प्रोफायलरमध्ये (कुठे किती वेळ जातो ते दाखवणाऱ्या टूलमध्ये) तीच सगळ्यांत वर दिसेल. एकदाच मोठा तुकडा घ्या, त्यातून नोड ओळीने कापत जा, आणि काम झालं की सगळा तुकडा एकदम परत करा. याला अरीना म्हणतात. आणि ज्याला एकच मूल आहे असा मधला नोड बनवूच नका. ३.८ पर्यंतच्या पायथनचा पार्सर व्याकरणाची प्रत्येक पातळी ट्रीमध्ये उतरवायचा. एकट्या ‘१’साठी टेस्ट, ऑर-टेस्ट, अँड-टेस्ट, नॉट-टेस्ट, कंपॅरिझन असं करत अ‍ॅटमपर्यंत डझनभराहून जास्त नोड एकाखाली एक लोंबकळायचे, आणि मग दुसऱ्या टप्प्यात ते सगळे सोलून खरा ट्री निघायचा. २०२०च्या ३.९ पासून नवा पार्सर आला आणि तो मधला ट्री गेला.

मोठा चोर : मागे फिरणं

आतापर्यंतचं सगळं काही पटींच्या बचतीचं होतं. पार्सर हळू नाही तर चक्क *अडकतो* अशी तक्रार असेल, तर कारण निराळं असतं.

एका जुन्या नोकरीत पगाराच्या सूत्रांसाठी एक छोटी भाषा मी लिहिली होती. सूत्रं माणसं लिहायची तोवर सगळं सुरळीत. मग कोणीतरी सूत्रं तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याने सावधगिरी म्हणून प्रत्येक टप्प्याला कंस घातले. एका सकाळी एक सूत्र वाचताना सर्व्हर गप्प. सूत्र जेमतेम दोन ओळींचं. मी आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग नेटवर्कवर. घोळ माझाच होता, या फंक्शनमध्ये :

```
फंक्शन एक्स्प्रेशन():
    खूण = जागा()
    डावी = राशी(१)
    जर टोकन '=' आहे:
        पुढे(), परत असाइन(डावी, एक्स्प्रेशन())
    मागे_जा(खूण)
    परत राशी(१)
```

‘आधी असाइनमेंट आहे का बघू, नसेल तर मागे जाऊन साधं एक्स्प्रेशन वाचू.’ वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! पण ‘=’ नसलं की सगळं दोनदा वाचलं जातं. कंसाच्या आत पुन्हा एक्स्प्रेशन() असतं, तेही दोनदा. म्हणजे दर कंसाला काम दुप्पट. वीस कंसांच्या आत बसलेला एक आकडा २०,९७,१५२ वेळा वाचला जातो. एकविसावा कंस घाला, त्याच्या दुप्पट. राजाच्या बुद्धिबळाच्या पटावरचे तांदळाचे दाणेच.

दुरुस्ती लाजिरवाणी सोपी निघाली. मागे जाऊच नका. डावी बाजू एकदाच वाचा, पुढे ‘=’ दिसलं तर मग बघा की डावीकडे जे वाचलं त्यात किंमत ठेवता येते का. नाव किंवा इंडेक्स असेल तर ठीक, ‘३ + ४’ असेल तर चूक दाखवा. नसेल ‘=’, तर हातात आहे तेच उत्तर. शेवटच्या दोन ओळी गेल्या, ‘परत डावी’ आली आणि सर्व्हर बोलू लागला.

तुमच्या पार्सरमध्ये ‘मागे_जा’सारखं फंक्शन असेल तर ते कुठून कुठून बोलावलं जातं ते आजच शोधा. एक्स्प्रेशनच्या आत कुठेही सापडलं तर संशय घ्या. कंसाची जागा विशेष धोक्याची : ‘(’ दिसल्यावर पुढे एक्स्प्रेशन आहे, कास्ट आहे, की बाण-फंक्शनचे पॅरामीटर? जावास्क्रिप्टच्या पार्सरांना हा प्रश्न रोज पडतो, आणि तिथेही आधी एक्स्प्रेशन समजून वाचायचं आणि पुढे बाण दिसला की त्याच वाचलेल्याला पॅरामीटरचा अर्थ द्यायचा, असा मार्ग आहे. पेग पद्धतीचं (व्याकरणातले पर्याय क्रमाने करून बघणारं) साधन वापरत असाल तर तिथे वाचलेलं लक्षात ठेवायची सोय असते. ती त्या नियमांना चालू आहे ना, एवढं तपासा.

तपासायला सोपी चाचणी : १०, १५, २०, २५ कंसांत गुंडाळलेला एकच आकडा द्या. वेळ जवळजवळ तेवढाच राहिला पाहिजे. वीसपासून पंखा घरघरायला लागला तर चोर घरातच आहे.

जुनं फेकण्याआधी पडताळा

जुना पार्सर लगेच डिलीट करू नका, महिनाभर तरी बाजूला ठेवा. दोघांना तीच एक्स्प्रेशनं द्या आणि ट्री पूर्ण कंस घालून छापा : ((२ + (३ * ४)) - १). दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या आल्या पाहिजेत. एक्स्प्रेशनं हाताने लिहीत बसू नका, चिन्हं आणि आकडे यादृच्छिक निवडून हजारो तयार करणारं वीस ओळींचं टूल लिहा.

जुना पार्सर नसेलच तर १९५७च्या फोरट्रानकडून एक गंमत उसनी घ्या. त्या कंपायलरमध्ये अग्रक्रम ठरवायला चिन्हांच्या भोवती कंस पेरले जायचे. दोन पातळ्यांपुरती ती युक्ती अशी : सुरुवातीला ‘((’ आणि शेवटी ‘))’ लावायचं, प्रत्येक ‘+’च्या जागी ‘))+((’ आणि प्रत्येक ‘*’च्या जागी ‘)*(’ लिहायचं, आणि मुळातले कंस तिप्पट करायचे. २+३*४ चं होतं ((२))+((३)*(४)). नुसत्या शोधा-आणि-बदलाने बरोबर कंस बसले! आता मूळ आणि बदललेलं अशी दोन्ही रूपं तुमच्या पार्सरला द्या. ट्री वेगळे निघाले तर तक्त्यात कुठेतरी आकडा चुकलाय. मात्र १० - ३ + २ सारखी समान पातळीची जुळणी या युक्तीने तपासली जात नाही, ती उदाहरणं हाताने लिहावी लागतील.

खोलीची हद्द

कंसात कंस गेले की राशी, पान, राशी, पान असं रिकर्शन होतंच, ते टळत नाही. कोणी एक लाख उघडे कंस पाठवले तर प्रोग्रॅमचा स्टॅक फुटेल. म्हणून एक मोजणी ठेवा, आत जाताना वाढवा, बाहेर येताना कमी करा, आणि हद्द ओलांडली की नीट मराठीत किंवा इंग्रजीत चूक सांगून थांबा. हद्द किती? सीचं मानक कंपायलरकडून किमान ६३ पातळ्यांच्या कंसांची अपेक्षा करतं, क्लँग मुळात २५६ वर थांबतो, ल्युआची मर्यादा २००. यातला कोणताही आकडा चालेल. मोजणी पानातच ठेवा, म्हणजे ---५ सारखी उण्यांची माळही तिच्यात धरली जाते.

उलटी बाजू जास्त फसवी आहे. १ + १ + १ + … अशी लाखभर पदांची बेरीज तुमचा नवा लूप एका दमात वाचतो, कारण तिथे रिकर्शनच नाही. मोजणी एकवर असते, पार्सर खुशीत असतो. पण जो ट्री बनतो तो डावीकडे लाखभर पातळ्या खोल. मग टाइप तपासणारा त्यात रिकर्शनने उतरतो आणि स्टॅक फुटतो. तो वाचला तर कोड तयार करणारा पडतो. दोघंही वाचले तर शेवटी नोड मोकळे करणारं फंक्शन पडतं, आणि प्रोग्रॅम काम पूर्ण करून बाहेर पडताना कोसळतो, जे शोधायला सगळ्यांत त्रासाचं. अरीना वापरत असाल तर हे शेवटचं संकट येतच नाही, कारण नोड एकेक करून मोकळे करायचेच नसतात. पहिल्या दोन ठिकाणी डाव्या फांदीपुरतं रिकर्शन काढून लूप घाला : डावीकडे उतरत जा, वाटेतले नोड एका यादीत ठेवा, तळाला पोचलात की यादीतून उलटे वर या.